मगरमुख्याची माघार

आमच्या प्रतापराव फडतऱ्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा, एका वर्षापुरतं का होईना, स्नेहवर्धन मंडळाचं अध्यक्ष व्हायचं.

मागणं काही मोठं नव्हतं. आमचं मंडळ म्हणजे बडोद्याच्या गोत्री भागातल्या चार-सहा सोसायट्यांमधली मराठी कुटुंबं. कोजागरीला दूध, संक्रांतीला हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा वार्षिक सभा, जिच्यात जेवण चांगलं असतं. अध्यक्षाला अधिकार असे काही नसतात. त्याने मधल्या खुर्चीवर बसायचं आणि सगळ्यांचं बोलून झालं की ‘मी फार वेळ घेणार नाही’ असं म्हणून फार वेळ घ्यायचा, एवढंच. पण ती मधली खुर्ची प्रतापरावांना कधी मिळाली नाही. ते उपाध्यक्ष होते. मी मंडळात गेलो तेव्हाही होते.

याला कारण आमची रीत. आमच्यातल्या बहुतेकांचे पणजोबा, खापरपणजोबा बडोदे सरकारच्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत होते. राज्य गेलं, कचेऱ्या गेल्या, पण कारभार आतल्या खोलीत उरकायचा आणि बाहेर फक्त निकाल सांगायचा, ही सवय काही गेली नाही. मतदान म्हणजे आम्हाला घरात पोलीस आल्यासारखं वाटतं. म्हणून सभेच्या आधी आमचे सचिव हेरंब कारखानीस स्कूटर काढून प्रतापरावांकडे जायचे, चहा घ्यायचे, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचे, “प्रतापराव, यंदा तेवढी माघार घ्या. पुढल्या वर्षी तुमचं बघू.”

प्रतापराव मिशीवरून हात फिरवायचे. “मंडळात फूट नको,” म्हणायचे.

मग सभेत ते उभे राहून माघार घ्यायचे, लक्ष्मीकांत रणदिवे सर्वानुमते अध्यक्ष व्हायचे, टाळ्या पडायच्या. आणि श्रीखंडाच्या रांगेत प्रतापराव सर्वांत शेवटी उभे राहायचे. उपाध्यक्षाने मंडळींच्या आधी जेवू नये, असा त्यांचा स्वतःचाच नियम होता. बरेचदा त्यांच्या वाट्याला श्रीखंडाऐवजी पातेलं यायचं.

माणूस दिसायला मात्र भारदस्त. जुन्या शहरात, वाडी भागात राहत होते तेव्हा तरुणपणी आखाड्यात जायचे. खांदे अजून तसेच आहेत आणि मिशी तर एखाद्या जुन्या तसबिरीतून उचलून आणल्यासारखी. नोकरी विमा कंपनीत कारकुनाची केली. पण ते काउंटरवर बसले की समोरचा माणूस अर्ज भरण्याआधी नमस्कार करायचा. बोलणं हळू, चालणं हळू. घाई फक्त एका गोष्टीची, संध्याकाळी टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्यांची. ते मुखवटे, ते झगमगीत पट्टे, तो दोरखंडावरून उडी मारणारा राक्षस, हे सगळं ते मांडी घालून, पूजेला बसल्यासारखं बघायचे.

मी एकदा भीत भीत म्हटलं, “प्रतापराव, यातलं सगळं आधी ठरलेलं असतं म्हणे. कोण पडणार, कोण जिंकणार.”

“असेल, अरविंदराव,” ते म्हणाले. “पण जो पडतो तो पडतोच ना? पाठ तर त्याचीच असते.”

त्यांची नात सानवी शेजारी बसलेली असायची. वय वर्षं सात, शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, आजोबा मराठी. त्यामुळे तिची भाषा तिची एकटीची होती. ती म्हणायची, “आजोबा, हा पिवळावाळो आज हारवानो छे. मागच्या आठवड्यात जिंकला ने.” आणि पिवळा हरायचा.

तर अशा या घरात गेल्या वर्षी सौमित्र आला.

सौमित्र दिघे आमच्याच मंडळातला, आता अलकापुरीत त्याचा स्टुडिओ आहे. संगणकावर चित्रं हलवतात, तसला. परदेशी कंपन्यांची कामं करून करून कंटाळला आणि त्याने मुलांसाठी स्वतःचा कार्टूनपट काढायचं ठरवलं. नाव ‘मगरमुख्याचं रहस्य’. एका गावात मोठ्या कुस्त्यांचा खेळ येतो, झगमगाट असतो, आणि रोज रात्री नदीतून मगरीच्या तोंडाचं एक भूत बाहेर येऊन पहिलवानांना उचलून आपटतं. सोन्याचा पट्टा नाहीसा होतो. मग चार मुलं आणि एक माकड मिळून छडा लावतात. मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला मगर सुचायला फार डोकं लागत नाही, पण कल्पना चांगली होती.

सौमित्रला त्यातल्या एका पहिलवानासाठी प्रतापरावांचा चेहरा हवा होता. चेहरा, चाल, उभं राहणं, सगळं. प्रतापराव स्टुडिओत गेले. हालचाल संगणकाला टिपता यावी म्हणून त्यांच्या अंगाला ठिपके चिकटवले, त्यांना वाकवलं, वळवलं, आणि शेवटी मांडीवर शड्डू ठोकायला लावला. ती थाप सौमित्रने माइक लावून घेतली. नंतर मला म्हणाला, “काका, अशी थाप कुठे विकत मिळत नाही.”

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. सौमित्र गोष्ट सांगायला त्यांच्या घरी आला होता. एकदा नाही, अनेकदा. मी एकदा तिथे होतो.

“काका, तुमचं पात्र काय आहे ते सांगतो. ऐकून घ्या, मग हवं तर नाही म्हणा.”

प्रतापरावांनी हात वर केला. “रहस्यपट आहे ना? मग सांगू नकोस.”

“अहो, पण तुम्हाला तरी…”

“मला तर मुळीच नको. आमचे आजोबा खानगी खात्यात होते. राजवाड्यातलं काही म्हणून कधी आजीलाही बोलले नाहीत. गुप्त ते गुप्त.”

“चहात साखर किती घालायची तेही बोलायचे नाहीत,” आतून त्यांच्या पत्नी, मंदावहिनी, म्हणाल्या. “माझ्या सासूबाई सांगायच्या.”

सौमित्रने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तो चहा पिऊन गेला.

आपण कोण आहोत हे प्रतापरावांनी असं विचारलंच नाही. आणि आमच्या लोकांनी, विचारणं बरं दिसत नाही म्हणून, ठरवूनच टाकलं. एवढी मिशी, एवढे खांदे, एवढं घराणं म्हणजे नायकच असणार. कोजागरीपर्यंत ते नायक झाले होते. संक्रांतीला बायका मंदावहिनींना वाण देताना ‘हिरोच्या घरी’ असं म्हणू लागल्या. लक्ष्मीकांत रणदिव्यांना वारा कळतो. त्यांनीच हेरंबना सांगितलं, “यंदा प्रतापरावांना करू या. बिनविरोध. वर्तमानपत्रात नाव येईल मंडळाचं.”

हेरंब स्कूटर काढून निघाले आणि पहिल्यांदाच माघार न मागता चहा पिऊन आले. प्रतापरावांनी त्या दिवशी मला फोन केला. केम छो, बरं आहे ना, गुडघा कसा आहे, असं दोनदा विचारलं आणि ठेवला. मी समजलो.

चित्रपट तीन भाषांत लागणार होता. मंडळाने मराठी खेळ सकाळचा, अख्खा, ठरवून घेतला. आणि पडदा उघडण्याआधी प्रतापरावांचा सत्कार करायचा असं ठरलं. आधी का, असं एकाने विचारलं. लक्ष्मीकांत म्हणाले, नंतर लोक पार्किंगला पळतात.

मॉलमधल्या थिएटरच्या दारात पहिली अडचण आली. रखवालदाराने हेरंबची पिशवी उघडली आणि नारळ बाहेर काढला.

“काका, बहारनुं खावानुं अंदर नहीं चाले.”

“हे खाणं नाही, श्रीफळ आहे. सत्काराचं.”

“नारियेळ छे ने?”

“आहे.”

“तो खवाय ने?”

नारळ तपासणीच्या टेबलावर राहिला, दोन पाण्याच्या बाटल्या आणि कुणाच्या तरी चकल्यांच्या डब्याशेजारी. सत्कार नुसत्या शालीने झाला. पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर. लक्ष्मीकांतांनी भाषण केलं. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल इतकं सविस्तर बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “प्रतापरावांनी साकारलेला हा मल्ल,” ते म्हणाले, “आपल्या पुढच्या पिढीपुढे सचोटीचा आदर्श ठेवील. आणि येत्या वार्षिक सभेत मंडळाची धुरा आपण याच भक्कम खांद्यांवर देत आहोत.” टाळ्या वाजल्या. प्रतापरावांनी शाल दोन्ही खांद्यांवर सारखी केली. मला वाटतं, त्या माणसाच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण असावा, आणि त्याला पॉपकॉर्नचा वास होता.

आत आम्ही एका रांगेत बसलो. मधल्या खुर्चीवर प्रतापराव, त्यांच्या एका बाजूला मंदावहिनी आणि सानवी, दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांत, हेरंब आणि टोकाला मी. चित्रपट सुरू झाला. सिंहराज नावाचा एक पहिलवान आला, गोरापान, सोनेरी केसांचा.

लक्ष्मीकांतांनी मान वळवली. “हे तुम्ही का?”

“मिशी नाही,” प्रतापराव म्हणाले.

“पुढे येईल,” हेरंब म्हणाले.

दुसरा आला, तिसरा आला. कुणालाच मिशी नव्हती. मग पडद्यावर रात्र झाली, नदीचं पाणी हललं, आणि काही दिसण्याआधी अंधारातून एक आवाज आला. मांडीवर शड्डू ठोकल्याचा.

मी तो आवाज ओळखला. मंदावहिनींनीही ओळखला असणार, कारण त्यांनी पर्स मांडीवरून उचलून घट्ट धरली. पाण्यातून मगरीचं तोंड वर आलं. प्रतापराव ताठ बसले होते. त्यानंतर ती थाप जेव्हा जेव्हा ऐकू आली तेव्हा त्यांची शाल थोडी थोडी खाली घसरत गेली आणि त्यांनी ती वर घेतली नाही.

शेवटी मुलांनी जाळं टाकून मगरमुख्याला रिंगणाच्या मधोमध पकडलं. माकडाने मुखवटा ओढला. पडदाभर प्रतापरावांचा चेहरा आला, मिशीसकट. मिशी इतकी हुबेहूब होती की डाव्या बाजूला थोडी कमी आहे तेही दिसत होतं.

चित्रातल्या मुलाने विचारलं, तू असं का केलंस? आणि चित्रातले प्रतापराव, आवाज दुसऱ्याचा होता पण मान तीच होती, म्हणाले, “मी खेळात सर्वांत बलवान. पण दर वर्षी मालक येऊन सांगायचे, यंदा तेवढा तू पड, पुढल्या वर्षी तुझं बघू. मी पडायचो. खेळ मोडू नये म्हणून. तो पट्टा मला एकदा, फक्त एकदा, कमरेला लावून बघायचा होता.”

हेरंबना चष्मा पुसायची गरज वाटली. लक्ष्मीकांत पडद्याखाली लिहिलेली आपत्कालीन मार्गाची सूचना वाचत होते. मागच्या रांगांतून मात्र सानवीच्या वयाची मुलं ‘मगर, मगर’ असं ओरडू लागली, टीव्हीवरच्या कुस्त्यांत ओरडतात तशी. सानवी खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हे माझे आजोबा छे. खरे.”

मग पोलीस मगरमुख्याला घेऊन गेला, सिंहराजला पट्टा परत मिळाला, चार मुलांनी आणि माकडाने आइस्क्रीम खाल्लं, आणि दिवे लागले.

बाहेर पडताना कुणी प्रतापरावांजवळून चाललं नाही. गर्दीतसुद्धा त्यांच्याभोवती मोकळी जागा झाली होती. दारातल्या रखवालदाराने तेवढं त्यांना थांबवलं आणि टेबलावरचा नारळ त्यांच्या हातात ठेवला. “काका, तमारुं नारियेळ.” सत्काराचा नारळ तो असा मिळाला.

सौमित्र तिथेच उभा होता, बिचारा घामाघूम. “काका, आवडला?”

“तू मला चोर केलंस,” प्रतापराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. मला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

“काका, मी लहानपणी बाबांबरोबर सभेला यायचो. श्रीखंडासाठी. दर वर्षी तुम्ही उभे राहायचात आणि माघार घ्यायचात. मला कळायचं नाही, एवढा मोठा माणूस न लढता का पडतो. बाबांना विचारलं तर म्हणायचे, त्याला संस्कार म्हणतात.” त्याने घाम पुसला. “मी सांगायला आलो होतो ना तुम्हाला.”

“आला होतास,” प्रतापराव म्हणाले. “खरं आहे. आला होतास.” आणि नारळ घेऊन रिक्षाकडे चालू लागले.

पुढचे काही दिवस मंडळात फोन फार झाले. मुलांवर काय संस्कार होतील. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे मंडळाचा चेहरा, आणि तो चेहरा तर आता जाळ्यात सापडलेला. कुणीतरी म्हणालं, मगर आहे हे तरी आधी सांगायचं. सगळ्यांचं म्हणणं एकच, फक्त ते दुसऱ्याचं आहे असं प्रत्येकजण सांगत होता. सभेच्या आदल्या रविवारी हेरंब स्कूटर घेऊन निघाले. मी प्रतापरावांकडेच होतो. गुडघ्याचं तेल आणायला गेलो होतो, असं म्हणू या.

हेरंबनी चहा घेतला. चित्रपटातलं माकड चांगलं होतं म्हणाले. पाऊस लांबला म्हणाले. मग कप खाली ठेवला.

“प्रतापराव, लक्ष्मीकांतांचं म्हणणं आहे, म्हणजे सगळ्यांचंच. यंदा तेवढी माघार घ्या. पुढल्या वर्षी तुमचं बघू.”

सानवी खाली फरशीवर चित्र रंगवत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “आजोबा, ही तर पिक्चरमधली लाइन छे.”

हेरंबचे कान लाल झाले. मंदावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चिमटा.

प्रतापरावांचा हात मिशीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. “हेरंब,” ते म्हणाले, “या वेळी पाडायचं तर पाडा. मी आपण होऊन पडणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मतदान.”

“आपल्यात?” हेरंब म्हणाले. तोच शब्द लक्ष्मीकांतांनी नंतर सभेत उच्चारला, त्याच चेहऱ्याने.

सभा झाली तेव्हा कळलं की मतदान कसं करतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठ्या टाकायच्या तर कागद नव्हता. हात वर करायचे तर सगळ्यांना दिसणार. एका गृहस्थांनी विचारलं, एका घरचं एक मत की नवरा-बायकोची वेगळी? मंदावहिनी म्हणाल्या, “माझं मत माझं आहे. आणि ते यांनाच मिळेल असं काही नाही.” हंशा झाला आणि त्याने जरा बरं वाटलं. हेरंबनी हात मोजायला घेतले, डोकं खाजवणाऱ्यालाही मोजलं, मग परत पहिल्यापासून मोजले.

प्रतापरावांच्या नावावर माझा हात वर गेला. सौमित्र सभासद म्हणून आला होता, त्याचा गेला. मंदावहिनींचा गेला. मागच्या बाजूला, जिथून कधी कुणी बोलत नाही, तिथून बरेच हात वर आले. जे कधी श्रीखंडाशिवाय कशासाठी उठले नव्हते त्यांचेही आले. पण तेवढे पुरले नाहीत. लक्ष्मीकांतांना थोडे जास्त मिळाले.

मला नीट मांडता येईल की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी लक्ष्मीकांतही आयुष्यात पहिल्यांदा निवडून आले. त्यांना ते जड गेलं. हात कोणाचे वर नव्हते हे त्यांनी पाहिलं होतं, आणि असलं काही पाहायची त्यांना सवय नव्हती. ते भाषणाला उभे राहिले, ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणाले आणि खरंच दोन वाक्यांत बसले.

प्रतापराव उठून त्यांच्यापर्यंत गेले आणि आखाड्यात हात मिळवतात तसा हात मिळवला. मग हेरंबकडे वळले. हेरंब सभेचा वृत्तांत लिहीत होते, आणि हाताला वळण पडलेलं असल्यामुळे त्यांनी लिहिलंही होतं, “सर्वानुमते.”

“ते खोडा,” प्रतापराव म्हणाले.

“अहो, बाहेर बरं दिसतं.”

“माझी पाठ मातीला लागली ती खरी लागली. तशी लिहा. मतदान झालं आणि फडतरे पडले.”

हेरंबनी लक्ष्मीकांतांकडे पाहिलं. लक्ष्मीकांतांनी मान हलवली. हेरंबनी खोडलं आणि लिहिलं.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. अध्यक्षपद लढवायचं म्हणून प्रतापरावांनी उपाध्यक्षपद सोडलं होतं आणि ते एव्हाना दुसऱ्या कुणाला देऊनही झालं होतं. जेवणाची ताटं मांडली तेव्हा मी सवयीने मागे वळून पाहिलं. रांगेच्या शेवटी नवे उपाध्यक्ष उभे होते, जरा गोंधळलेले.

प्रतापराव सर्वांत पुढे होते, सानवीचा हात धरून. मला पाहून म्हणाले, “या, अरविंदराव. आता मी कुणी नाही.” मग वाढणाऱ्या बाईंपुढे त्यांनी ताट केलं आणि थोडं हळूच, पण मला ऐकू येईल असं, म्हणाले, “अजून एक चमचा घाला. केशर वर दिसतंय तिथून.”